कै. अण्णासाहेब किर्लोस्कर

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं आमच्या एका विद्यार्थ्यानें ‘सौभद्र’ नाटकांतील एक पद म्हटलें. आवाज फुटण्याच्या वयाचा मुलगा. तरी पद चांगलें वठलें आणि मंडपांत मागें बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनींही मान डोलविली. दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं सहज विचारिलें कीं, हें पद रचिलें कोणीं? एकानें बालगंधर्वांचें नांव सांगितलें, दुसऱ्यानें छोटा गंधर्वांचें. तिसऱ्यानें, पद फार जुनें आहे तेव्हां तें कोणा एकाचें नसावें, असा अभिप्राय दिला. या तिसऱ्या उत्तराचें आम्हांस हंसूं आलें खरें. परंतु मागाहून वाटलें कीं, ज्याचें गाणें लोकांच्या तोंडीं इतकें रुळलें कीं रचणाराचें नांवच गळून पडलें, त्यास याहून मोठी पावती कोणती मिळावयाची? तरीपण नांव अगदींच गळूं देणें बरें नव्हे. म्हणून त्या पदकर्त्याचें अल्पचरित्र आम्हीं या अंकांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

किर्लोस्कर हें आडनांव मुळशी तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या घरीं नवें नाहीं. लोखंडी नांगरावर आणि विहिरीचें पाणी उपसणाऱ्या यंत्रावर तें पुष्कळांनीं वाचिलें असेल. त्या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. त्याच गांवांत, त्यांच्या आधीं सव्वीस वर्षें, ३१ मार्च १८४३ रोजीं बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मास आले. हेच आमचे अण्णासाहेब. एकाच लहानशा गांवानें महाराष्ट्रास नांगरही द्यावा आणि संगीत नाटकही द्यावें, हा योग मोठा गमतीचा आहे.

गुर्लहोसूर हें कानडी मुलुखांतलें गांव. घरांत मराठी आणि उंबरठ्याबाहेर कानडी, अशा दोन भाषांत अण्णासाहेबांचें बालपण गेलें. प्रथम शिक्षणही त्यांस दोन्ही भाषांचें मिळालें. त्या भागांत कीर्तनें होत तसेच कृष्णपारिजातासारखे कानडी खेळही होत. हे खेळ रात्रभर चालावयाचे. त्यांत कथानक बोलण्यापेक्षां गाण्यानेंच पुढें सरकावयाचें. त्या चाली अण्णासाहेबांच्या कानांत बसल्या त्या जन्मभर निघाल्या नाहींत. आपण ज्यांस अस्सल मराठी नाट्यपदें म्हणून गौरवितों, त्यांतील कित्येकांची चाल मुळांत कानडी आहे, हें या ठिकाणीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

विशीच्या सुमारास अण्णासाहेब पुढील शिक्षणासाठीं पुण्यास आले. यापुढील भाग विद्यार्थ्यांस सांगावा कीं न सांगावा, याविषयीं आम्हीं थोडा वेळ विचार केला. परंतु चरित्र म्हटलें कीं जें घडलें तेंच लिहिलें पाहिजे. पुण्यांत त्यांचें मन पाठ्यपुस्तकांत रमेना. त्या वेळीं ठिकठिकाणीं फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांस पदें रचून देण्याचा त्यांस नाद लागला. पुढें मित्र जमवून स्वतःची हौशी मंडळी काढण्याचाही खटाटोप त्यांनीं केला. अभ्यास मागें पडला तो पडलाच. नाटकवाला म्हणजे वायां गेलेला मनुष्य, अशी समजूत असलेला तो काळ. इंग्रजी शिकून मोठा होईल म्हणून पुण्यास धाडलेला मुलगा नाटकांच्या पदांत गुंतला हें कळल्यावर गुर्लहोसुरास काय वाटलें असेल, तें आमच्या पालकवाचकांस निराळें सांगावयास नको.

पोटासाठीं नोकरी धरणें प्राप्त झालें. बेळगांवास त्यांनीं कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें. तेथील विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल नांवाचा एक मुलगा होता. ‘शारदा’ नाटक लिहून ज्यांनीं जरठकुमारी विवाहावर कोरडा ओढिला, ते हेच देवल. नाटक कसें लिहावें व कसें बसवावें, याचे धडे त्यांनीं अण्णासाहेबांच्या हाताखालींच घेतले. अण्णासाहेबांनीं स्वतः या सुमारास आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर ‘शांकरदिग्जय’ नांवाचें एक गद्य नाटक लिहिलें. तें १८७३ चें. या नाटकानें त्यांचें नांव झालें असें म्हणवत नाहीं. वय तीस झालेलें, हातीं पदवी नाहीं, विद्वान् म्हणून मान नाहीं, आणि ज्या गोष्टींत जीव रमतो त्या गोष्टीस समाजांत प्रतिष्ठा नाहीं, अशी त्यांची स्थिति होती. पुढें ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरीस लागले आणि या नोकरीनिमित्त पुन्हां पुण्यांत राहूं लागले.

रेव्हेन्यू कमिशनरची कचेरी म्हणजे काय, हें आजच्या मुलांस कदाचित् ठाऊक नसेल. गांवचा जमाबंदीचा कागद कुलकर्ण्याच्या दप्तरांतून निघे, तो मामलेदाराकडे जाई, तेथून कलेक्टराकडे आणि अखेर कमिशनराकडे. सारा, सूट, तहकुबी, वतनाचे तंटे, सगळें तेथें येऊन साचावयाचें. १८७६ पासून दोन वर्षें दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला होता. त्यानंतरच्या काळांत अशा कचेरींतील टेबलांवर कागदांचा ढीग किती असेल, याची कल्पनाच केलेली बरी. अण्णासाहेबांचा दिवस या कागदांत जाई.

त्या वेळच्या पुण्याकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट आमच्या नजरेस येते. लष्करी हिशेबाच्या कचेरींत कारकून असलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनीं नोकरी टाकून बंड उभारिलें व १८७९ च्या जुलैंत ते पकडले गेले. सरकारी शाळेंत शिक्षक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्याच वर्षीं राजीनामा दिला आणि १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. दोघेही सरकारचे नोकर. दोघांनीं नोकरी झुगारिली, एकानें तरवारीसाठीं व दुसऱ्यानें लेखणीसाठीं. याच शहरांत, याच वर्षीं, तिसरा एक सरकारी नोकर कचेरींतून घरीं येऊन पदें रचीत बसला होता. त्यानें बंड केलें नाहीं. तिघांत थोर कोण, हें ठरविण्याच्या भरीस आम्हीं पडत नाहीं. परंतु फडक्यांचें व शास्त्रीबोवांचें चरित्र आपण शाळेंत शिकवितों, आणि या तिसऱ्याचें केवळ पद म्हणतों, एवढें खरें.

दिवसा कचेरी व रात्रीं गाणें, असा संसार करणारे लोक इतर देशांतही होऊन गेले आहेत. अठराव्या शतकांत जर्मनी हें एक राष्ट्र नव्हतें. आपल्याकडील सांगली, मिरज, जमखंडीसारखीं शेंकडों लहानमोठीं संस्थानें तेथें होतीं. प्रत्येक संस्थानास आपला दरबार, आपलें दप्तर आणि पुष्कळ ठिकाणीं आपला वाजंत्र्यांचा ताफाही असे. म्हणून दप्तरांतल्या मनुष्याचा गाण्याशीं संबंध जडणें तेथें नवलाचें नव्हतें. अशा परिस्थितींत १७७६ सालीं प्रशिया देशांत जन्मलेला हॉफमन हा गृहस्थ न्यायखात्यांत चाकरी करी आणि फावल्या वेळीं संगीत रचीत असे. मोझार्ट या गायनाचार्यावर त्याची एवढी भक्ति कीं, स्वतःच्या नांवांतला एक शब्द काढून त्या जागीं मोझार्टच्या नांवांतला ‘अमाडेउस’ हा शब्द त्यानें घातला. नेपोलियनच्या स्वारींत नोकरी गेली तेव्हां कांहीं वर्षें त्यानें नाटकगृहांत संगीताचें काम करून पोट भरिलें. पुढें तो पुन्हां बर्लिनच्या न्यायकचेरींत बसला, आणि तेथें असतांनाच १८१६ सालीं त्याचें ‘उंडिने’ हें संगीत नाटक रंगभूमीवर आलें. हॉफमन व अण्णासाहेब यांना एकमेकांची वार्ता असण्याचें कारणच नव्हतें. हॉफमन १८२२ सालींच वारला. पण दोघांच्या हातांना दिवसा लागणारी शाई एकाच जातीची होती.

आतां अण्णासाहेबांच्या मुख्य कार्याकडे वळूं. तें समजण्यासाठीं त्यापूर्वींचीं नाटकें कशीं होतीं, हें पाहिलें पाहिजे. विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें तें १८४३ सालीं, म्हणजे अण्णासाहेबांच्या जन्मवर्षींच. त्या धर्तीच्या नाटकांत पदें असत, परंतु तीं म्हणावयाचीं सूत्रधारानें. तो झांजा घेऊन बाजूस उभा राही, साथीदारांसह कथा गाऊन सांगे, आणि राम, सीता, रावण हीं पात्रें त्या अनुरोधानें आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. राक्षस आले कीं आरोळ्या व तरवारींचा खणखणाट सुरू होई. अशा नाटकांस लोकांनीं ‘अलल् डुर्र’ असें थट्टेचें नांवच ठेविलें होतें. दुसऱ्या बाजूनें, इंग्रजी व संस्कृत शिकलेले विद्वान् लोक शेक्सपियर व कालिदास यांचीं भाषांतरें करीत होते. परशुरामतात्या गोडबोल्यांनीं शाकुंतल मराठींत कधींच आणिलें होतें. अशा नाटकांत भाषा नेमकी, लिहिलेली व पाठ केलेली असे. परंतु गाण्याची गोडी नाहीं म्हणून सामान्य लोक तिकडे फारसे फिरकत नसत. एकीकडे गाणें होतें तर ग्रंथ नव्हता, दुसरीकडे ग्रंथ होता तर गाणें नव्हतें.

१८८० सालीं पुण्यास एका पारशी मंडळीनें ‘इंद्रसभा’ हा खेळ केला. मूळ खेळ लखनौच्या अमानत कवीचा, उर्दू, आरंभापासून शेवटपर्यंत गाण्यांनीं भरलेला. अण्णासाहेबांनीं तो पाहिला, आणि असा खेळ मराठींत कां होऊं नये, हा ध्यास त्यांनीं घेतला. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मुंबईचे सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनीं ‘नलदमयंती’ हें संगीत नाटक याच्या आधींच, १८७९ सालीं लिहिलें होतें. तेव्हां पहिलेपणाचा मान सर्वस्वीं अण्णासाहेबांचा, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु वाट प्रथम कोणीं दाखविली आणि तिच्यावरून महाराष्ट्र कोणाच्या मागें चालला, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

त्यांनीं कालिदासाचें शाकुंतल हातीं घेतलें. मूळ संस्कृत श्लोकांच्या जागीं मराठी पदें घातलीं, आणि मुख्य म्हणजे तीं सूत्रधाराच्या तोंडून काढून त्या त्या पात्राच्या तोंडीं दिलीं. शकुंतलेचें दुःख आतां शकुंतलाच गाऊं लागली. आज ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, त्यांत नवें काय, असें मुलें विचारतील. पण तें त्या वेळीं नवें होतें. चाली त्यांनीं कोठून आणिल्या? साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओंवी हीं कीर्तनांतून व घरांतून सर्वांस ठाऊक असलेलीं छंदवृत्तें. त्यांत लावणीचें वळण, कानडी मुलुखांतल्या चाली, आणि थोडे दरबारी गायकीचे राग. म्हणजे उंची शालजोडीबरोबर घरच्या कांबळ्याचाही त्यांनीं उपयोग केला. ताना घेऊन गवयानें आपलें पाटव दाखवावें अशी ती रचना नव्हती. शब्द श्रोत्यांस कळावेत आणि कथा पुढें जावी, अशी होती. पुढें गायक नटांनीं एकेका पदावर अर्धा अर्धा घटका घालविण्यास सुरुवात केली, त्याचें खापर अण्णासाहेबांवर फोडूं नये.

रविवार, ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. या मुजुमदारांनींच पुढें अण्णासाहेबांचें चरित्र लिहून १९०४ सालीं प्रसिद्ध केलें. प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. शिकलेले लोक कालिदासासाठीं आले आणि न शिकलेले गाण्यासाठीं. दोघेही एकाच तंबूखालीं बसले, असें म्हणावयास हरकत नाहीं. आमच्या मतें या नाटकांत पदें फार झालीं आहेत. दोनशेच्या आसपास पदें म्हणजे पात्रांस साधें बोलण्यास उसंतच मिळत नाहीं. परंतु पहिल्या पावसांत ओढ्यास पूर यावयाचाच.

जर्मनीचा उल्लेख वर झालाच आहे, तेव्हां येथें आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. हेंच शाकुंतल सर विल्यम जोन्स यांनीं १७८९ सालीं कलकत्त्यास इंग्रजींत आणिलें, आणि त्यावरून फोर्स्टर यानें १७९१ सालीं तें जर्मन भाषेंत उतरविलें. तें वाचून वायमार संस्थानचा एक प्रधान इतका मोहून गेला कीं, त्यानें शकुंतलेच्या स्तुतिपर कविताच रचिली. तो प्रधान म्हणजे महाकवि गटे. खाणी, रस्ते व जमाखर्च यांचे कागद पाहणारा मनुष्य तिकडेही शाकुंतलानेंच वेडा झाला. कालिदासाचें व दप्तरवाल्यांचें कांहीं पूर्वजन्मींचें नातें असावें!

दोन वर्षांनीं ‘सौभद्र’ आलें. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं पुण्याच्या पूर्णानंद नाटकगृहांत त्याचे तीन अंक झाले आणि १८८३ च्या मार्चमध्यें संपूर्ण नाटक झालें. हें भाषांतर नव्हे, अण्णासाहेबांची स्वतःची रचना. कथा महाभारतांतली. सुभद्रेचें मन अर्जुनावर, बलरामदादांनीं तिला देऊं केलें दुर्योधनास, आणि मध्यें कृष्ण, जो वरून कांहींच ठाऊक नसल्यासारखा वागतो व आंतून सगळीं सूत्रें हालवितो. या नाटकाची खुबी अशी कीं, त्यांतील देव हे देव वाटत नाहींत. बलराम म्हणजे आपल्याच घरांतले रागीट पण भोळे वडील बंधु. कृष्ण म्हणजे सर्वांस गोड बोलून आपलें तेंच करणारा धाकटा भाऊ. रुक्मिणी म्हणजे नणंदेची बाजू घेणारी समंजस वहिनी. बहिणीच्या मनांत कोण आहे हें न विचारतां भावानें परस्पर सोयरीक ठरवावी, हा प्रकार द्वारकेंतच घडत होता असें नाहीं. अण्णासाहेबांच्या प्रेक्षकांपैकीं घरोघरीं तो घडत होता, आणि नाटकगृहांत हंसतां हंसतां कित्येक वडील बंधूंस आपापल्या घरची आठवण झाली असेल. दुर्योधन, ज्याच्यामुळें हा सगळा गोंधळ, तो रंगभूमीवर एकदांही येत नाहीं. शाकुंतलापेक्षां येथें पदें कमी व अधिक नेमक्या जागीं आहेत. आम्हांस विचाराल तर अण्णासाहेबांचें खरें नाटक हेंच.

सौभद्राच्या यशांत भाऊराव कोल्हटकरांचा वांटा मोठा आहे. हे बडोद्याकडचे एक एकोणीस वर्षांचे तरुण. १८८२ सालीं ते मंडळींत आले. आवाज तीव्र, गोड आणि दूरवर पोंचणारा. त्या काळीं स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. भाऊराव सुभद्रा झाले. अर्जुनाचें काम मोरोबांकडे होतें. माणसें हेरण्याची अण्णासाहेबांची दृष्टि किती अचूक होती, हें यावरून दिसतें. पद रचतांना तें कोणाच्या गळ्यांतून निघावयाचें आहे, याचा विचार त्यांच्या मनांत असे. म्हणून त्यांच्या पदांत म्हणणारास अवघडल्यासारखें होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचें पद फुटत्या आवाजांतही वठलें, त्याचें अर्धें श्रेय या गोष्टीस द्यावें लागेल.

तिसरें नाटक ‘रामराज्यवियोग’. रामास राज्याभिषेक व्हावयाचा, तोंच मंथरेच्या व कैकेयीच्या कारस्थानानें वनवास घडावयाचा, असा विषय. १८८४ च्या ऑक्टोबरमध्यें त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. शाकुंतल चार अंकांनीं सुरू झालें व मागाहून पूर्ण झालें. सौभद्र तीन अंकांनीं सुरू झालें व मागाहून पूर्ण झालें. याचेंही तसेंच होईल असें लोकांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु प्रकृति ढासळली, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, अण्णासाहेब निवर्तले. राम वनास जाण्याचा प्रसंग लिहावयाचा राहिला तो राहिलाच.

शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगापासून मोजलें तर पांच वर्षें आणि दोन दिवस. त्याआधींची सदतीस वर्षें शिक्षणांत, अपयशांत, शाळेंत व कचेरींत गेलीं.

किर्लोस्कर नाटक मंडळी त्यांच्यामागें मोडली नाहीं. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले तोंपर्यंत तिचा भार मुख्यतः त्यांच्या गळ्यावर होता. देवलांचें ‘शारदा’ १८९९ सालीं याच मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. १९०५ सालीं नारायणराव राजहंस या मंडळींत आले, म्हणजेच बालगंधर्व. तेव्हां आमच्या वर्गांत ज्या मुलानें त्यांचें नांव घेतलें, तो अगदींच चुकला असें नाहीं. पद बालगंधर्वांनीं गाजविलें, पण ज्या अंगणांत ते प्रथम गायिले तें अण्णासाहेबांनीं सारवून ठेविलें होतें.

या वर्षींच्या संमेलनांत सौभद्रांतील एक प्रवेश बसवावा, असें विद्यार्थ्यांनीं ठरविलें आहे व तालमीही सुरू झाल्या आहेत. कृष्णाचें काम कोणास द्यावें याविषयीं अजून वाद चालू आहे. गेल्या वर्षीं पद म्हणणाऱ्या मुलाचा आवाज आतां पुरता फुटला असल्यामुळें त्यास बलराम केलें आहे.